‘आयुष्य छोटं आहे’, मग करायचं काय? बायबलचं उत्तर आणि केडगावच्या पंडिता रमाबाई

‘आयुष्य एकदाच मिळतं. फिरून घ्या, खाऊन घ्या, मन मारू नका.’ दिवसभरात अशी एखादी तरी रील समोर येतेच. ओळखीतलं कुणी कमी वयात गेलं की हेच वाक्य काळ्या पार्श्वभूमीवर स्टेटसला लागतं. दोन दिवस सगळे गंभीर असतात. तिसऱ्या दिवशी ऑफिस, ईएमआय आणि लोकल.

आयुष्य छोटं आहे, यावर वाद नाहीच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. छोटं आहे म्हणून मजा करायची? की छोटं आहे म्हणून सगळ्यातून मन काढून घ्यायचं? की तिसरंच काही करायचं? ख्रिस्ती धर्मात या प्रश्नावर फार जुनं चिंतन आहे, आणि ते चिंतन प्रत्यक्ष जगून बघितलेली एक व्यक्ती पुणे जिल्ह्यातच होऊन गेली. पण आधी बायबल काय म्हणतं ते पाहू.

कोठारं बांधणारा शेतकरी

‘खा, प्या, मजा करा’ हा सल्ला बायबलमध्येही आहे, पण तो ज्याच्या तोंडी घातलाय त्याला देव मूर्ख म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात येशू ही गोष्ट सांगतो. एका श्रीमंत माणसाच्या शेतात भरघोस पीक येतं. ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो. मग स्वतःलाच सांगतो की आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता आराम. त्याच रात्री त्याचा जीव जातो.

गंमत अशी की या माणसाने काहीही वाईट केलेलं नाही. चोरी नाही, कुणाचा बांध कोरलेला नाही. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात नवी कांदा चाळ बांधणाऱ्याला कुणी मूर्ख म्हणणार नाही, उलट हुशार म्हणतील. मग येशूचा आक्षेप कशाला? गोष्ट नीट वाचली तर दिसतं की हा माणूस सगळं स्वतःशीच बोलतो. पीक माझं, कोठारं माझी, वर्षंही माझीच. धान्याचा हिशेब त्याने बरोबर केला. वर्षांचा हिशेब मात्र त्याच्या हातातला नव्हता आणि ते त्याला सुचलंच नाही. शेजारी कुणी उपाशी आहे का, हा प्रश्न तर त्याच्या मनाला शिवतही नाही.

याकोबाच्या पत्रात हाच मुद्दा व्यापाऱ्यांना उद्देशून येतो. अमुक शहरात जाऊ, वर्षभर धंदा करू, नफा कमावू, असं ठामपणे बोलणाऱ्यांना तो आठवण करून देतो की तुमचं आयुष्य वाफेसारखं आहे, उद्याचं तुम्हाला ठाऊक नाही. धंदा करू नका असं तो म्हणत नाही. योजना आखताना ‘देवाच्या मनात असेल तर’ एवढं जोडा, म्हणतो. आपल्याकडे हे शब्द सगळ्याच धर्मांची माणसं बोलतात. बोलून झाल्यावर किती जण खरंच तसं धरून चालतात, हा भाग वेगळा.

दिवस मोजायचे म्हणजे काय?

या विषयावरचा ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात आवडता मजकूर म्हणजे स्तोत्रसंहितेतलं ९०वं स्तोत्र. परंपरा ते मोशेची प्रार्थना मानते. अँग्लिकन चर्चच्या दफनविधीत ते शतकानुशतकं वाचलं जातं. त्यात माणसाचं आयुष्य सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवतासारखं म्हटलंय. आकडाही दिलाय. सत्तर वर्षं, आणि अंगात ताकद असेल तर ऐंशी. भारतातलं आजचं सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपासच आहे, हे लक्षात घेतलं तर हा अंदाज थक्क करणारा वाटतो.

इथपर्यंत कुणालाही निराशा यावी. पण स्तोत्राच्या मध्यावर एक मागणं येतं. आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, म्हणजे आम्हाला शहाणपण येईल, असा त्याचा आशय. मोजायचं ते उरलेल्या दिवसांची भीती वाटावी म्हणून नाही. पैसे मोजके असले की माणूस बाजारात विचार करून खर्च करतो, तसं काहीसं. आणि स्तोत्राचा शेवट तर आणखी वेगळा आहे. आमच्या हातांनी केलेलं काम टिकव, अशी देवाला विनंती करून ते थांबतं.

हा शेवट महत्त्वाचा आहे. मराठी कानाला ‘क्षणभंगुर’ हा शब्द ऐकला की पाठोपाठ विरक्ती आठवते. (वारकरी संतांनीही संसार सोडून पळायला सांगितलेलं नाही, त्यामुळे दोन परंपरांमध्ये फार सरळ रेघ ओढण्यात अर्थ नाही.) ९०व्या स्तोत्रात मात्र आयुष्य गवतासारखं आहे हे मान्य करून माणूस लगेच कामाबद्दल बोलायला लागतो.

बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकात हेच जरा कडवट सुरात येतं. सगळं व्यर्थ आहे, हे त्या पुस्तकाचं पालुपद. पण ज्या हिब्रू शब्दाचं भाषांतर ‘व्यर्थ’ असं होतं तो शब्द आहे ‘हेवेल’, आणि त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ. थंडीत तोंडातून निघते तशी. ती खोटी नसते, डोळ्यांना दिसते, पण मुठीत पकडता येत नाही. ‘व्यर्थ’ म्हटलं की ‘काही उपयोग नाही’ असा अर्थ होतो. ‘वाफ’ म्हटलं की ‘आहे, पण धरून ठेवता येणार नाही’ असा. फरक बराच मोठा आहे.

आणि शहाणपण? नीतिसूत्रांच्या पुस्तकानुसार त्याची सुरुवात देवाच्या भयापासून होते. ‘भय’ या शब्दानेही बराच गोंधळ होतो. मूळ हिब्रू ‘यिराह’मध्ये भीती आहेच, पण आदर, धाक आणि आपण कुणासमोर उभे आहोत याची जाणीवही आहे. थोडक्यात, आपल्या दिवसांचा मालक दुसरा कुणी आहे हे ओळखून वागणं.

कॅथलिक चर्चमध्ये ही जाणीव वर्षातून एकदा अक्षरशः कपाळावर लावली जाते. ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावून तू माती आहेस याची आठवण देतात. वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये त्या दिवशी सकाळी रांगा लागतात आणि मग लोक राख लावलेल्या कपाळानेच कामाला जातात.

भीमेच्या अलीकडे-पलीकडे

आता पुणे जिल्ह्यात येऊ. शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा सगळ्यांना माहीत आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि नदीपलीकडचा जयस्तंभ यांमुळे दरवर्षी तिथे लाखो लोक जमतात. तीच भीमा पुढे वाहत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून जाते. दौंड तालुक्यात पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. बाहेरच्यांना ते कदाचित गुळाच्या बाजारामुळे ठाऊक असेल, पण जगभरच्या ख्रिस्ती लोकांना केडगाव ठाऊक आहे ते पंडिता रमाबाई आणि त्यांच्या मुक्ती मिशनमुळे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं, जे त्या काळात पाप समजलं जायचं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भारतभर फिरायचं. १८७० च्या दशकात दुष्काळ पडला. वडील गेले. मग आई. मग बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल चालले. थंडीत पांघरायला काही नव्हतं तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यात झोपल्याचं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्यानंतर बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच, ४ फेब्रुवारी १८८२ ला, तेही कॉलऱ्याने गेले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई २३ वर्षांच्या होत्या.

आठ-दहा वर्षांत एकामागून एक सगळं घर गेलं. आयुष्य छोटं आहे हे रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढचं बरचसं पाठ्यपुस्तकात असतं. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, १८८३ साली इंग्लंडला प्रयाण आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे बाप्तिस्मा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. वर्षभरात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाईही गेल्या. वय अवघं २१.

रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात प्रचंड टीका झाली. १८८९ साली मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यात आलेल्या त्यांच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं, या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतलं. त्या वादात कुणाचं किती बरोबर होतं, यावर आजही अभ्यासक भांडतात. दुसरीकडे चर्चमधल्या वरिष्ठांशीही त्यांचं पटत नव्हतं, कारण सांगतील ते निमूट मानायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

दहा वर्षांची मुदत

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शारदा सदनाला पैसे पुरवण्यासाठी बोस्टनमध्ये अमेरिकन हितचिंतकांनी रमाबाई असोसिएशन स्थापन केली होती. पण मदतीचं वचन दहाच वर्षांचं होतं. मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी ती संपायच्या आधीच सुरू केला. पुण्यापासून दूर केडगावला त्यांनी जमीन घेतली. तिथे विहिरी खणायच्या, फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता.

वरवर पाहता हे त्या कोठारवाल्या शेतकऱ्यासारखंच नियोजन. फरक कळला तो १८९६ मध्ये. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ज्या आगीतून आपण वाचलो तीच आता दुसऱ्या मुलींभोवती लागलीय, हे रमाबाईंना दिसलं आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि विधवांना आणायचं त्यांनी ठरवलं. इतक्या जणींना खायला घालायचे पैसे हातात नव्हते. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुलींना ठेवणं अशक्य झालं. मग फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर आधी झोपड्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन.

म्हणजे उत्पन्नासाठी घेतलेल्या जागेत खाणारी तोंडं आली. कोठाराचं घर झालं. १९०० पर्यंत तिथे दीड हजाराच्या आसपास मुली आणि बायका राहत होत्या. शेती, दूधदुभतं, विणकाम, छापखाना, सगळं त्याच चालवायच्या. अंध मुलींना शिकवायची सोय होती, वृद्ध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती. १९०५ साली मुक्तीमध्ये झालेल्या धार्मिक जागृतीची चर्चा तर अमेरिकेपर्यंत पोहोचली.

शेवटचं काम

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रमाबाईंनी हाती घेतलं ते मात्र सगळ्यात वेळखाऊ काम. संपूर्ण बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर.

मराठीत तेव्हा बायबल नव्हतं असं नाही. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून नवा करार १८११ मध्येच छापला होता आणि नंतरही भाषांतरं झाली होती. पण संस्कृतच्या पंडिता असलेल्या रमाबाईंना ती भाषा जड वाटायची. मुक्तीमधल्या नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या बाईला स्वतःचं स्वतः वाचता आलं पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि १५ वर्षांहून अधिक काळ हे काम चालू ठेवलं. छपाई बाहेर दिली नाही. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच मुलींनी खिळे जुळवले, मुद्रितं काढली, पानं छापली. ९०वं स्तोत्रही त्याच हातांखालून गेलं.

रमाबाईंची प्रकृती उतरत होती. पण त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न सुटल्यासारखा होता. मनोरमा शिकून-सवरून आईच्या कामात पूर्ण उतरल्या होत्या. शारदा सदनची शाळा त्याच सांभाळत आणि गुलबर्ग्याच्या शाळेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. आईनंतर मुक्ती मुलगी चालवणार, हे सगळे धरून होते. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेल्या. वय ४०.

दिवस मोजून शहाणपणाने जगण्याच्या सगळ्या गोष्टी इथे येऊन अडखळतात. रमाबाईंनी तर हिशेब चोख ठेवला होता. दहा वर्षांची मुदत आधीच ओळखली, जमीन घेतली, माणसं घडवली, वारस तयार केला. तरीही मुलगी आईच्या आधी गेली. ख्रिस्ती शिकवणीत याला सोपं उत्तर नाही, आणि ‘चांगलं वागलात की आयुष्य वाढतं’ असं सांगणारे प्रवचनकार या जागी चुकतात. ९०व्या स्तोत्रातही तशी हमी कुठे नाही. आम्ही जितके दिवस दुःख पाहिलं तितके तरी दिवस आनंद दे, अशी जवळजवळ घासाघीस त्यात आहे. ते देवाचं कौतुक करतं आणि देवाकडे तक्रारही करतं.

मुलीच्या मृत्यूनंतर रमाबाई नऊ महिन्यांहून थोड्या कमी जगल्या. त्या काळात दोन कामं झाली. मुक्तीची जबाबदारी पुढे नेण्यासाठी दुसऱ्या सहकाऱ्यांची व्यवस्था लागली आणि बायबलची उरलेली मुद्रितं तपासून होत आली. त्यांच्या चरित्रांमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. काम संपेना आणि शरीर साथ देईना, तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले. दहा दिवसांत शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि त्या गेल्या. श्रद्धाळू लोक यात चमत्कार पाहतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी मागणं लक्षात राहतं. अमुक काम उरलंय आणि त्याला इतके दिवस लागतील, एवढंच ते होतं.

५ एप्रिल १९२२ ला, वयाची ६४ वर्षं पूर्ण व्हायला अठरा दिवस असताना, केडगावला त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. बांधलेलं पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही.

मग टिकलं काय?

इथे इतिहासाने थोडी उलटी चाल केलीय. ज्या भाषांतरावर रमाबाईंनी इतकी वर्षं घालवली ते मराठी चर्चमध्ये फारसं रुळलं नाही. रविवारी उपासनेत सर्रास वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. रमाबाईंचं बायबल अभ्यासकांच्या आणि जुन्या ख्रिस्ती घरांच्या कपाटात सापडतं. एकटीने, तेही एका भारतीय स्त्रीने, मूळ भाषांवरून अख्खं बायबल भाषांतरित करण्याचा जगातला हा विरळा प्रयत्न. तरी ते वाचणारे थोडेच.

अशी उदाहरणं मराठी ख्रिस्ती साहित्यात आणखी आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवटच राहिलं होतं. लग्नानंतर टिळकांनीच ज्यांना लिहा-वाचायला शिकवलं त्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. टिळकांना आपल्या हयातीत हे दिसणं शक्यच नव्हतं.

मुक्तीचंही असंच. घाईघाईत माळावर उभारलेल्या झोपड्यांना कुणी ‘आयुष्यभराचं काम’ म्हटलं नसतं. पण पंडिता रमाबाई मुक्ती मिशन केडगावला आजही सुरू आहे. निराधार मुली आणि स्त्रिया तिथे राहतात, शिकतात. भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंवर टपाल तिकीट काढलं. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च ५ एप्रिलला आणि चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचं स्मरण करतं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतले बहुतेक प्रवासी मात्र केडगाव स्टेशन आलं तरी मोबाइलमधून मान वर करत नाहीत.